‘अर्धवट ज्ञान’ म्हणणाऱ्या अनामिकांना

आमच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचे मागचे शॉकअप बदलले, त्या लेखाखाली ‘अनामिक’ नावाने ही प्रतिक्रिया आली आहे: ‘वाचून हसू आलं. नुसती कडक स्प्रिंग म्हणजे सुधारणा नव्हे, डॅम्पिंग बघा. शॉकअप इंचभर लांब घातलेत, मग चेनचं आणि मेन स्टँडचं काय? जुनेच रिपेअर करता आले असते, पण अर्धवट ज्ञान असलं की असंच होतं.’

हसा की, हरकत नाही. पण ज्याच्यावर हसतो त्याला आपलं नाव सांगायची पद्धत आमच्या कोल्हापुरात आहे.

मेन स्टँडचं मान्य. गाडी मागून उचलली गेल्यामुळे स्टँडवर लावली तरी मागचं चाक टेकतं. मी स्टँडखाली फळीचा तुकडा सरकवतो. हे लेखात लिहायचं राहिलं. चेनचा ढील नव्याने बघून घेतलाय, काळजी नसावी.

आता ‘जुनेच रिपेअर करता आले असते’. अहो, केले होते. दोनदा!

हा शॉकअप मुळात उघडायला केलेलाच नसतो. आमच्याकडचे मिस्त्री तो लेथवर कापतात, सील बदलतात, तेल भरतात आणि तोंड पुन्हा बंद करतात. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी हाताशी होतं ते इंजिनाचं २०-४० नंबरचं जाड तेल ओतलं. थंडीतल्या सकाळी शॉकअप दबायलाच तयार नाही.

दुसऱ्या खेपेला तेल बरोबर होतं, पण रॉडचं क्रोम गंजून त्याला बारीक खड्डे पडले होते. असा रॉड वरखाली झाला की नव्या सीलवर कानस चालते. गगनबावड्यापर्यंत डबलसीट मजेत गेलो, करूळ घाट उतरलो, वैभववाडीत चहाला थांबलो, तर डावीकडचं तेल ओघळून टायरपर्यंत आलेलं. चहा तसाच टाकून मी चिंध्या शोधत होतो. हे ‘अर्धवट ज्ञान’ मी असं रस्त्यावर बसून मिळवलंय.

वडिलांनी ही गाडी १९९१ साली घेतली. हिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेलोय. तुम्ही काय चालवता, हे तुमच्या चार वाक्यांत कुठे दिसलं नाही.

राहिलं डॅम्पिंग. स्प्रिंग धक्का घेते आणि तेल तिची उसळी आवरतं, तेच डॅम्पिंग, एवढं मलाही कळतं. शॉकअप बाजूला गॅसची डबी असलेले घेतलेत, म्हणजे ते त्यात आलंच. (डबी नुसती शोभेची असते, असं दुसऱ्या एका वाचकाने सुचवलंय. ती कापून बघायची माझी इच्छा नाही.) खड्ड्यातून गेल्यावर गाडी अजून दोन-तीनदा झुलते, पण तीस वर्षांवरची गाडी आहे, थोडी झुलणारच. बायको मागे बसायला कुरकुरते, पण ती आधीही कुरकुरायची. तेव्हा तो मुद्दा इथे संपला.

जुना जोड मी फेकलेला नाही. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. एवढा विश्वास असेल तर या, घेऊन जा, आणि एका पावसाळ्यानंतर कोरडा आणून दाखवा. येताना नाव सांगा म्हणजे झालं.