जगनमोहनमधली 'दिवेवाली' सावंतवाडीच्या हळदणकरांची आहे

म्हैसूरला गेलेली आपली मंडळी अंबाविलास राजवाडा बघतात, रविवारची रोषणाई बघतात, चंदनाचा साबण घेतात आणि उटीची गाडी पकडतात. तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचा जगनमोहन राजवाडा राहून जातो. जे जातात, त्यातले पुष्कळ जण हातात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासमोर उभे राहून 'वा, रविवर्मा!' म्हणतात. मला याचा खरोखर त्रास होतो.

हा वाडा तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी १८६१ मध्ये बांधला. १७९९ मध्ये टिपू पडला आणि इंग्रजांनी या पोराला गादीवर बसवलं. १८३१ मध्ये कारभार काढूनही घेतला. राज्य हातात नाही, पण गादी आहे, अशा अवस्थेत या माणसाने उरलेलं आयुष्य विद्वान, चित्रकार, गवई यांना पोसण्यात घालवलं. जगनमोहनच्या भिंतींवर दसऱ्याची मिरवणूक आहे आणि वडियारांचा वंशवृक्ष आहे. सत्ता गेलेल्या राजाने आपल्या पूर्वजांची नावं एकेक करून भिंतीवर काढून घ्यावीत, यामागची तगमग मला समजते. पण ज्यांनी ती भिंत रंगवली, त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

१८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात मुख्य राजवाड्याला आग लागली. तो बहुतांशी लाकडीच होता. नवा राजवाडा १९१२ मध्ये उभा राहीपर्यंत राजघराणं जगनमोहनमध्येच राहिलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत चौथ्या कृष्णराजांना इथेच राज्याधिकार मिळाले. १९०७ मध्ये संस्थानाच्या विधान परिषदेचं पहिलं अधिवेशन इथेच भरलं, पुढे म्हैसूर विद्यापीठाचे सुरुवातीचे पदवीदान समारंभही. १९१५ मध्ये वाड्याची चित्रशाळा झाली. संस्थानं विलीन व्हायला अजून तीस-बत्तीस वर्षं होती, कुणाचीही सक्ती नव्हती, आणि एका राजघराण्याने आपला वाडा चित्रांना दिला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत आणि ती बघायलाच हवीत. पण रविवर्मा १९०६ मध्ये गेला. दिवेवालीचं चित्र १९४० च्या दशकातलं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी काढलेलं. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचे, जे. जे. मध्ये शिकलेले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. आणि चित्रासाठी दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी.

आणखी एक गोष्ट बघणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. हे तैलचित्र नाही, जलरंग आहेत. तैलरंगात चुकलं तर वरून पुन्हा रंग देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. उजेड हवा असेल तिथे कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवावा लागतो. आता त्या चित्रात ज्योतीवर आडवा धरलेला पंजा आठवा. बोटांमधून झिरपणारा तो तांबूस प्रकाश, साडीच्या जांभळ्यावर पडलेली आभा, चेहऱ्यापर्यंत पोचेतो मवाळ झालेला उजेड... हे सगळं कागद राखत, हात आवरत केलेलं आहे. भारतात जलरंगात याच्या तोडीचं काम फार थोडं झालं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याचं श्रेय आपण दुसऱ्याच चित्रकाराला देतो!

रविवर्मा मोठाच. त्याचा छापखानाही आधी मुंबईत आणि मग मळवलीला होता, त्यामुळे आपल्या देवघरांत तो घरचाच झाला. कदाचित म्हणूनच साडीतली सुंदर बाई दिसली की आपल्या तोंडी त्याचंच नाव येतं. पण त्याच्या मोठेपणाला हळदणकरांच्या चित्राची उसनवारी लागत नाही.

म्हैसूरला जाल तेव्हा एक सकाळ जगनमोहनला द्या. मुलं बरोबर असतील तर चित्रासमोर त्यांना हळदणकर हे नाव सांगा, सावंतवाडी सांगा. दिवाळीत हेच चित्र शुभेच्छा म्हणून फिरायला लागतं. यंदा पाठवलंत, तर खाली चित्रकाराचं नाव लिहा: सा. ल. हळदणकर.