हरण्याची वर्षं कोण सांभाळणार?

नोव्हेंबर 2024 मध्ये पंकज अडवाणीने दोह्यात बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद जिंकलं. सगळी मिळून त्याचं हे 28 वं. त्या दिवशी आमच्या पुण्याच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दरवेळचा वाद पेटला. काहींचं म्हणणं, 28 वेळा जग जिंकलेल्या माणसाला रस्त्यात कुणी ओळखत नाही, सगळं कौतुक क्रिकेटचं. इतरांचं म्हणणं, त्याला खेलरत्न मिळालं, पद्मभूषण मिळालं, ओएनजीसीची नोकरी आहे, अजून काय हवं? मी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये राहतो. स्नूकरची जागतिक स्पर्धा 1977 पासून याच गावातल्या क्रूसिबल थिएटरात होते. त्यामुळे वाद वाचताना सारखं वाटत होतं की मूळ प्रश्नाला कुणी हातच घालत नाहीये. खेळाडू जिंकू लागण्याआधी जी वर्षं हरण्यात जातात, त्या वर्षांत त्याचं घर कशावर चालतं?

अडवाणीची विजेतेपदं बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांतली, आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांतली आहेत. स्नूकरची व्यावसायिक टूर, म्हणजे वर्षभर चालणारी स्पर्धांची मालिका, हे वेगळंच जग. तिथे साधारण सव्वाशे खेळाडू असतात. कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, मिळतो दोन वर्षांचा. रँकिंग ठरतं ते गेल्या दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर. दोन वर्षांनी पहिल्या 64 मध्ये नसलात तर बहुतेकांचं कार्ड जातं आणि पुन्हा क्यू स्कूलच्या पात्रता फेऱ्यांत उभं राहावं लागतं, तेही पदरची प्रवेश फी भरून. विमान, हॉटेल, सरावाच्या टेबलाचं भाडं, सगळं स्वतःचं. कितीतरी वर्षं बऱ्याच स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातावर एक पौंडही पडत नसे. 2022 च्या हंगामात टूरने प्रत्येकाला वर्षाला किमान 20,000 पौंडांची हमी दिली. तीही उचलच, पुढे जिंकलेल्या बक्षिसातून वळती होणारी. इथे किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणाऱ्याची वर्षाची कमाई आज याहून जास्त भरते.

एप्रिलमध्ये क्रूसिबलच्या आधी पात्रता फेऱ्या होतात, त्या मी आवर्जून बघायला जातो. मोठ्या हॉलमध्ये आडोसे घालून टेबलं मांडलेली असतात, बाजूला खुर्च्यांच्या मोजक्या रांगा. टीव्हीवरचा झगमगाट इथे नाही. एकदा चाळिशीतला एक खेळाडू माझ्यापासून चार हातांवर हरला. त्याने प्रतिस्पर्ध्याचा आणि पंचांचा हात हातात घेतला. मग खुर्चीत बसून क्यू, म्हणजे खेळायची काठी, टॉवेलने टोकापासून खालपर्यंत पुसली, पिळून दोन तुकडे वेगळे केले, पेटीत नीट बसवले आणि पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. त्याचा हंगाम तिथे संपला. पुढची स्पर्धा येईपर्यंत मिळकत शून्य.

नॉटिंगहॅमचा अँथनी हॅमिल्टन 1991 मध्ये व्यावसायिक झाला. रँकिंगमध्ये धरल्या जाणाऱ्या स्पर्धेचं पहिलं विजेतेपद त्याला मिळालं 2017 साली बर्लिनमध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी. मधली 26 वर्षं हा माणूस टूरवर टिकला, ही मला विजेतेपदाहून मोठी गोष्ट वाटते. पण असा माणूस तयार होण्यामागे इंग्लंडच्या गल्लीबोळातले क्लब होते. कामगार वस्तीतला पोरगा थोडक्या पैशांत तिथे तासन्‌तास खेळू शकायचा. ते क्लबही आता भराभर बंद पडतायत. इथलं सगळं आलबेल आहे असं सांगायला मी हे लिहीत नाही.

चिनी मुलांचं उदाहरण तर अंगावर येतं. शेफील्डमध्ये त्यांच्या अकादम्या आहेत, विशीतली पोरं घरापासून हजारो मैलांवर राहून दिवसभर सराव करतात. 2023 मध्ये दहा चिनी खेळाडूंवर सामनानिश्चितीच्या प्रकरणात बंदी आली. दोघांवर तर आजन्म. गुन्हा तो गुन्हाच, पण कोवळ्या वयाची, एकटी पडलेली मुलं अशा जाळ्यात किती सहज ओढली जातात हे त्यातून दिसलं. त्याच दहांतला झाओ शिंतोंग 20 महिन्यांची बंदी भोगून परतला आणि 2025 मध्ये क्रूसिबलवर जगज्जेता झाला, चीनचा पहिला. परतल्यावर उभं राहायला त्याला टेबल होतं, गाठीला सरावाची माणसं होती.

आता आपल्याकडे बघा. मुंबईचा आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीतला तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईकडून 5-0 हरला, तरी केवढी मजल! अडवाणीही 2012 पासून दोन हंगाम टूरवर होता, वेल्श ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. 2014 मध्ये त्याने कार्ड सोडलं. बिलियर्ड्सलाही वेळ देता यावा आणि घरी राहता यावं म्हणून. त्याला दोष देणाऱ्यांनी परदेशात एकट्याने एक हिवाळा काढून पाहावा. मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढाही टूरवर उतरला आहे. पण 140 कोटींच्या देशातून अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच.

म्हणून ओएनजीसीसारख्या सरकारी कंपनीतल्या नोकरीची टिंगल करणाऱ्यांशी माझं पटत नाही. महिन्याचा पगार ही आपल्या खेळाडूला मिळालेली अशी गोष्ट आहे जी इथल्या बहुतेक व्यावसायिकांना स्वप्नातही मिळणार नाही. माझी मागणी एवढीच की त्या नोकरीला टूरची दारं जोडा. कार्ड मिळालेल्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांची भरपगारी रजा द्या, ज्येष्ठता शाबूत ठेवा, व्हिसा आणि राहण्याचा खर्च उचला. हरून परत आला तर कामावर सन्मानाने घ्या. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, 2010 च्या ग्वांगझूनंतर आशियाई स्पर्धांतूनही तो गेला. त्यामुळे पदकांवर बेतलेल्या सरकारी योजनांकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

आणि टेबलांचं काय? स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलं, हे दर वेळी अभिमानाने पुढे पाठवलं जातं. विल्सन जोन्स पुण्यात जन्मला, 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, हेही. पण आज पुण्यात दहा वर्षांच्या मुलाला चांगल्या टेबलावर खेळायचं असेल तर बापाचं जिमखान्याचं सभासदत्व लागतं, नाहीतर स्नूकर पार्लर, जिथे आईबाप पाठवायला धजत नाहीत. महापालिका जलतरण तलाव बांधते, बॅडमिंटन हॉल बांधते. त्याच संकुलात 12 फुटी टेबलं दोन-तीन ठेवायची, एक प्रशिक्षक नेमायचा, संध्याकाळची वेळ मुलांसाठी राखून ठेवायची. ग्रुपवरचे आमचे दोन नगरसेवक मित्र हे वाचतीलच. पुढच्या अंदाजपत्रकात ही तरतूद टाका, टेबलं कुठली घ्यायची आणि कापड किती दिवसांनी बदलायचं हे इथल्या क्लबवाल्यांना विचारून मी कळवतो.