मामांचा टीव्ही आणि अर्धा किलो लिंबूसत्व

मामांच्या टीव्हीला हात लावायची परवानगी मला मिळाली, तेव्हा मामांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि टीव्हीला जाऊन पस्तीस.

"माळ्यावरचं ते धूड घेऊन जा बाबा," अलिबागहून मामीचा फोन. "कौलं उतरवतोय. नाहीतर भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे."

किलोवर! हा शब्द जिव्हारी लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत मामांनी हा टीव्ही आणला. आळीतला पहिला. सागवानी पेटी, खाली चार निमुळते पाय, पुढे सरकतं शटर, शटरला कुलूप आणि कुलपाची किल्ली मामांच्या जानव्याला. मुंबईहून निघालेल्या लहरींना अलिबागला पोचायला मधे समुद्राशिवाय काही आडवं नव्हतं, तरी अँटिना बांबूला आणि बांबू माडाला बांधलेला होता. वारा सुटला की माड डोले, माड डोलला की बातम्या देणारी बाई डोले. मग एक भाचा माडाच्या बुंध्याशी, दुसरा ओटीवर, तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" यातल्या बुंध्याशी उभ्या राहणाऱ्या भाच्याला पुढच्या आयुष्यात कुठलाच सिनेमा पूर्ण कळला नाही. तो मी.

त्या टीव्हीला मी कधी हात लावला नाही, पण एक गोष्ट फक्त मला यायची. मामांनी बटण दाबलं की आधी बराच वेळ काही व्हायचं नाही. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, तापायला लागत. मग आवाज, मग चित्र. पण या दोन्हींच्या आधी एक अगदी बारीक, सुईसारखी शिट्टी वाजायची. मी विहिरीपाशी असलो तरी मला ऐकू यायची आणि मी "लावला, लावला!" करत धावत सुटायचो. मामा म्हणायचे, "कसली शिट्टी? कार्ट्याच्या कानात किडा गेलाय." आजीनं एकदा कानात कोमट तेलही घातलं होतं.

असो. टेंपोतून टीव्ही पुण्याला आला. बायकोनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चपलांचं कपाट छान होईल."

पाठीमागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता, म्हणजे उघडायचा एक त्रास वाचला. आत उंदरानं जुन्या पंचांगाची पानं कुरतडून घर केलेलं, पिक्चर ट्यूबच्या मानेवर कुंभारमाशीचं मातीचं बिऱ्हाड, आणि चॅसी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो लोखंडी सांगाडा... खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि नेमकं वरचंच कौल गळकं. नख लावलं की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं लोखंड सुटत होतं. कंपनीच्या नावाची पट्टी गंजानं अशी खाल्ली होती की शेवटचं एक अक्षर तेवढं उरलं होतं.

मी मास्तरांना बोलावलं. मास्तर आता ऐंशीच्या पुढे. हात थरथरतात, त्यामुळे ते खुर्चीत बसून फक्त सांगतात आणि चहा पितात. एकेकाळी निम्म्या पेठेचे टीव्ही त्यांनी उघडले होते. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"होईल का मास्तर?"

"होईल की. आणि नाही झाला तर गणपतीत मखर कर."

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "मखर झालं की मग चपला ठेवता येतील ना?"

सुरुवात स्क्रूंपासून. स्क्रू ड्रायव्हरला आपल्याकडे डिसमिस का म्हणतात ते मला त्या आठवड्यात समजलं. एकूण अठ्ठावीस स्क्रूंपुढे मी अर्ज घेऊन गेलो, त्यातल्या एकवीस जणांनी डिसमिस केला. रॉकेल लाव, म्हणाले मास्तर. रॉकेल आता मिळतं कुठे? शेवटी दूधवाल्याच्या टेंपोतून वाटीभर डिझेल काढून घेतलं, रात्रभर थेंब थेंब सोडलं, सकाळी सात निघाले. उरलेल्यांची डोकी ड्रिलनं उडवावी लागली. त्यानंतर पोलीस पेपर. दुकानात "पॉलिश पेपर" मागितला तर दुकानदारानं मला परगावचा समजून दोन रुपये जास्त लावले.

पोलीस पेपरनं गंजाच्या वरच्या थराला नुसती गुदगुली झाली. मग कुणीतरी सांगितलं, लिंबूसत्व. सरबतातलं, तेच. गरम पाण्यात विरघळवायचं आणि लोखंड बुडवून ठेवायचं. आम्ल गंज खातं, लोखंडाला फारसं शिवत नाही. किराणावाल्याकडे अर्धा किलो मागितलं. तो म्हणाला, "लग्न आहे का घरात?"

बुडवायला भांडं हवं. घरात चॅसीचे सुटे पत्रे मावतील एवढी एकच वस्तू, ती म्हणजे सासूबाईंनी दिलेली पुरणाची परात. मी ती कशी वापरली आणि पुढे काय झालं, हे इथे लिहिणार नाही. एवढंच, की यंदाच्या होळीला पुरणपोळ्या विकत आणाव्या लागल्या.

पण पत्रे असे निघाले! पाण्यातून काढले तेव्हा राखाडी, स्वच्छ, कोवळे. मी अभिमानानं गॅलरीत वाळत घातले आणि झोपलो. सकाळी पाहतो तर सगळ्यांवर केशरी पावडर. ओलं, उघडं लोखंड हवेत ठेवलं की ते तासाभरात पुन्हा गंजायला लागतं. धुतल्याबरोबर पुसून, तापवून, लगेच रेड ऑक्साइड मारायचं असतं. हे मास्तरांना माहीत होतं. "तू विचारलं नाहीस," ते म्हणाले.

आता मुख्य अपराध. व्हॉल्व्हवर पन्नास वर्षांची काजळी होती. मी एकेक काढला, साबणाच्या पाण्यानं हळुवार धुतला, मऊ फडक्यानं पुसला आणि ओळीनं वर्तमानपत्रावर मांडला. सूर्यप्रकाशात लखलखत होते. मास्तर आले. त्यांनी चष्मा लावला, एक व्हॉल्व्ह उचलला, फिरवून पाहिला. दुसरा उचलला. मग चष्मा काढला.

"नंबर कुठे गेले?"

काचेवरचे नंबर नुसत्या छापाचे असतात, हाताच्या घामानंही पुसले जातात. आणि चॅसीवर सॉकेटशेजारी छापलेले नंबर मी आधीच लिंबूसत्वात घालवले होते. समोर डझनभर व्हॉल्व्ह, तुरुंगातून सुटल्यासारखे, एकाच्याही अंगावर बिल्ला नाही. निम्म्याहून अधिकांना नऊ पायच, त्यामुळे कुठलाही कुठेही बसतो आणि चुकीचा बसला की स्वतः जातो किंवा दुसऱ्याला घेऊन जातो.

"फुंकर मार," मास्तर म्हणाले. "फुंकर नव्हे, आरशावर मारतात तसा हा मार."

काचेवर वाफ धरली की जिथे शाई होती तिथे ती वेगळी धरते आणि गेलेला नंबर दोन सेकंद भुतासारखा उमटतो. तेवढ्यात वाचायचा. मी व्हॉल्व्ह तोंडाशी धरून "हाऽऽ" करायचो, "पीसीएल... हाऽऽ... पंच्याऐंशी!" आणि मास्तर वहीत लिहायचे. पुढचा: "हाऽऽ... पीएल... पाचशे... हाऽऽ... चार!" अशी आमची जुगलबंदी तासभर चालली. मधेच शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच परत गेल्या.

एका व्हॉल्व्हला "हा" करावाच लागला नाही. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत एक चंदेरी डाग असतो, आत चुकून राहिलेली हवा शोषून घेणारा. आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. याचा पांढराफटक होता. आणि या टीव्हीत व्हॉल्व्हचे फिलामेंट दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. नावातला 'पी' म्हणजे सगळ्यांतून तेवढाच प्रवाह, ०.३ अँपिअर. एक गेला की सगळे गार. कोण गेला ते सांगायला मात्र कुणी पुढे येत नाही. अगदी आमच्या सोसायटीच्या सभेसारखं. जोडीदार व्हॉल्व्ह शोधायला मी चार रविवार जुन्या बाजारात घालवले. तिथे एका माणसाकडे तो होता, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, खोक्यासकट कोरा. माझा चेहरा बघून त्यानं किंमत तिप्पट केली. चेहऱ्यावर ताबा ठेवायला जुन्या बाजाराइतकं चांगलं शिक्षण नाही, पण फी फार आहे.

कंडेन्सर, म्हणजे आतले वीज साठवणारे छोटे भाग, बदलायचे बाकी होते. मास्तरांनी बजावलं होतं, सगळे बदलल्याशिवाय लाइन द्यायची नाही, आणि द्यायचीच तर सिरीजमधे बल्ब लावून. मी म्हटलं, एकदा बघू तर. मास्तर घरी गेल्यावर मी पिन खोचली. वीस सेकंद काही नाही. मग फाट् करून आवाज आला, पत्र्याच्या एका डब्यातून पांढरा धूर आणि कागदाची लडी बाहेर पडली आणि घरभर असा काही वास सुटला... सुकट तव्यावर विसरावी तसा. त्या दिवशी अंगारकी होती. दहा मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, हाताची घडी घालून.

"कंडेन्सर फुटला," मी म्हणालो.

"असेल, असेल," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून आत, ताटांकडे पाहत राहिले.

मग मुकाट्यानं सिरीज बल्ब. तोही पिवळा, तारेचा लागतो. एलईडी इथे काही कामाचा नाही. आकाशकंदिलातला जुना काढला. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि टीव्ही वाचतो. पेटला. घरात उजेड, टीव्हीत अंधार. इलेक्ट्रॉनिक सामान मिळणाऱ्या तापकीर गल्लीच्या माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या की तिथला पोरगा मला पाहिल्याबरोबर "काका, आज किती मायक्रोफॅरड?" म्हणू लागला. एकेक कंडेन्सर कापायचा, नवा लावायचा, डाग द्यायचा, बल्ब बघायचा. महिन्याभरानं एका संध्याकाळी बल्ब भसकन पेटला आणि हळूहळू मंद झाला.

"आता हात लाव बघू चॅसीला," मास्तर म्हणाले. मी लावला. बसलो ते थेट शूरॅकशेजारी. "दोन पिनांचा प्लग आहे," मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "उलटा खोचला की अख्खी चॅसी लाइव्ह. आधी टेस्टर लावायचा, हे शिकवायचं होतं."

आठव्या महिन्यात पडदा उजळला. आधी मधोमध एक आडवी रेघ, मग ती फाकत फाकत वर-खाली गेली, मग मुंग्या. मी मुंग्यांकडे पाहून रडलो असतो, पण मुंग्यांखेरीज त्यात दुसरं काही येणारच नव्हतं. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुनी प्रक्षेपणं आता जवळजवळ सगळीकडे बंद झाली आहेत. अँटिना माडाला बांधा नाहीतर मनोऱ्याला. मग सेट टॉप बॉक्स, त्याला मॉड्युलेटर नावाची डबी, त्या डबीतून चपटी वायर, असं करत एकदाचं चित्र आणलं. बातम्यांचा चॅनेल लागला. गोल कोपऱ्यांच्या त्या पडद्यावर आठ चौकटींतून आठ माणसं एकमेकांवर ओरडत होती, प्रत्येकाचं तोंड सुपारीएवढं.

"यासाठी परात गेली?" बायको म्हणाली.

तेवढ्यात आठ वर्षांची नात आतल्या खोलीतून आली, दोन्ही कानांवर हात. "आबा, ते शिट्टी का मारतंय?"

मी आवाज बंद केला. कान पेटीला लावला. ट्रान्सफॉर्मरची घरघर, बाकी काही नाही. बायकोनंही कान लावला. मास्तर म्हणाले, त्यांना तर चहाची किटलीही ऐकू येत नाही.

पण असणार. चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणजे १५,६२५. त्या ठेक्यावर आतला ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जबर व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, थरथरतो आणि तेवढी बारीक शिट्टी म्हाताऱ्या कानांना पोचत नाही. हे सगळं मला पाठ आहे. तरी तोंडातून निघालंच, "कसली शिट्टी? काही वाजत नाहीये."

"वाजतंय! थांब, मी दाखवते." ती दार लावून बाहेर गेली. चपलांचा आवाज जिन्यातून खाली उतरत गेला. "बंद कर!" मी बंद केला. "आता लाव!"

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह एकेक करून लालसर होत गेले. पडदा अजून काळाच होता, आठ माणसं अजून गप्प होती.

"आलं!" खालून हाक आली.

बायको म्हणाली, "अहो, दुपारची वेळ आहे. लोक झोपलेत."

मी पुन्हा बंद केला.

"गेलं!"