पोरं नालायक निघाली म्हणजे शोकांतिका?

आज सकाळी मिसळ खाताना शेजारच्या टेबलावर 'नटसम्राट' नाटकाचा विषय निघाला. एकजण कटात ब्रेड बुडवत म्हणाला, "पोरं नालायक निघाली, दुसरं काय! शोकांतिका." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा घास घशातच अडकला.

अरे, पोरं नालायक निघाली ही बातमी झाली! हल्ली एसटी चुकली तरी शोकांतिका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, मी ढसाढसा रडलो, पण ती दुर्घटना. शोकांतिका म्हणजे काय हे सांगणारा ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल, त्याचा नायक देवमाणूस नसतो, हरामखोर तर नाहीच. तो पडतो स्वतःच्या चुकीनं. हॅमार्शिया. मूळ अर्थ नेम चुकणं. 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांचा नेम कुठं चुकला? होतं नव्हतं ते पोरांना देऊन टाकलं तिथं. ज्या रुबाबात टाळ्या घेतल्या त्याच रुबाबात घर दिलं. १९७० साली डॉ. लागूंनी बेलवलकर उभे केले, तेव्हापासून आपण पोरांवरच दात खातोय.

आमच्या आबांनी हेच केलं. पावणेदोन एकर ऊस, विहिरीतला हिस्सा, सगळ्याचं बक्षीसपत्र. आजी म्हणाली, एक तुकडा तरी ठेवा. आबा म्हणाले, "हातचं राखून दिलं तर ते देणं कसलं गं?" गावानं कौतुक केलं.

ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपस राजाकडं कोरिंथचा दूत येतो तो त्याची भीती घालवायला, आणि त्याच्याच बोलण्यानं सगळं उलटतं. बेलवलकरांना लेकीकडं आसरा मिळतो, आणि तिथंच चोरीचा आळ येतो. आता ॲरिस्टॉटल कथानकाला स्वभावाच्या वर ठेवतो आणि आपलं नाटक स्वगतांवर उभं आहे, हे मान्य. ग्रीक नाटकातला कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, तोही नाही. नसू दे.

आबांचं सांगत होतो. तंबाखू संपली होती. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी चंची उलटी करून दाखवली, चुन्याची पांढरी पूड फरशीवर पडली. माझे वडील, आमचे दादा, म्हणाले, "परवाच्या दहा रुपयांचं काय केलं?" आबांनी चंचीची दोरी सावकाश गुंडाळली. मग आजीकडं बघून म्हणाले, "तू म्हणत हुतीस." बास. ग्रीक लोक याला ॲनाग्नोरिसिस म्हणतात, माणसाला आपलं आपण कळणं. मी तिथंच दप्तर घेऊन उभा होतो.

आणि दादा नालायक नव्हते हो. त्या वर्षी उसाचं बिल थकलं होतं, माझी फी भरायची होती. हे त्या मिसळवाल्या टेबलाला कसं सांगू?

दादा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. परवा जेवताना म्हणाले, "फ्लॅट तुझ्या नावावर करून टाकू या, मागं कटकट नको." मी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला. काल त्यांनी वकिलाचा नंबर मागितला. अजून दिलेला नाही.