बिलाच्या तळाशी छापलेली बचत

गेल्या महिन्यात किराणा भरायला गेलो तेव्हा यादीत अकरा वस्तू होत्या. घरी पिशव्या रिकाम्या केल्या तेव्हा तेवीस निघाल्या. बिलाच्या तळाशी मात्र ठळक अक्षरांत छापले होते, 'आज आपली बचत 386 रुपये'. जास्तीच्या बारा वस्तूंवर किती गेले, याचा आकडा अर्थातच मलाच काढावा लागला, आणि तो बचतीच्या तिपटीहून मोठा होता.

यात कोणी मला फसवले, असे मी म्हणणार नाही. पण ही 'बचत' कशाच्या तुलनेत मोजली, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापावी लागते. कायद्याने ती फक्त वरची मर्यादा आहे. तिच्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाचीच आडकाठी नाही. तो आकडाही साधारणपणे उत्पादकच ठरवतो. सुपरमार्केट त्यालाच वस्तूचा खरा भाव असल्यासारखे मांडते, त्यावर काट मारते आणि शेजारी आपला भाव लिहिते. मग 'ही वस्तू मला हवी आहे का' हा प्रश्न मागे पडून 'किती सुटले' एवढाच उरतो.

वाण्याच्या दुकानात आपण फळीच्या बाहेर उभे असतो आणि माल आत असतो, त्यामुळे जे आठवते तेवढेच मागितले जाते. ही फळी 1916 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' या दुकानातून काढून टाकली आणि गिऱ्हाइकाला थेट मांडण्यांमध्ये सोडले. नोकरांचा पगार वाचला हे खरेच, पण यादीत नसलेला मालही गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू लागला. पुढे 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली. मला हा बदल पहिल्याहून मोठा वाटतो, कारण हातातली टोपली जड झाली की 'आता पुरे' असे हातच सांगतो. ट्रॉलीने ती सूचनाच बंद केली. शिवाय पाच किलो आटा टाकूनही जी ओकीबोकी दिसते, ती ट्रॉली भरल्याशिवाय बाहेर पडणे उगीचच अपुरे वाटते.

बाकीच्या युक्त्या बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत: रोज लागणारे दूध आत लांब, नफ्याचा माल नजरेच्या उंचीवर, मुलांची चॉकलेटे बिलाच्या रांगेत. संगीताचे मात्र मला नवल वाटले. रोनाल्ड मिलिमन यांच्या 1982 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, द्रुत लयीच्या तुलनेत संथ लयीचे संगीत चालू असताना सुपरमार्केटची विक्री सुमारे 38 टक्क्यांनी अधिक आढळली होती. लोक सावकाश चालत होते, एवढेच.

कायद्याने आपल्याला एक उपयोगी गोष्ट दिली आहे. पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भावही छापावा लागतो, त्यामुळे मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते हा समज तिथल्या तिथे तपासता येतो. अक्षरे मुंगीएवढी असतात, ही गोष्ट वेगळी. मी चष्मा बरोबर नेऊ लागलो आहे.

आमच्या लहानपणी घरी 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे सामान येत असे. महिन्याची मागणी आधीच लिहून द्यायची, माल एकत्र खरेदी व्हायचा आणि शेजारपाजारच्या सभासदांच्या गटात वाटला जायचा. त्या व्यवस्थेत बघायला मांडणीच नव्हती. मागणीचा कागद भरायच्या रात्री आई जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातले डबे एकेक उघडून आत डोकावायची आणि साबुदाणा अजून अर्धा डबा आहे असे दिसले, की त्या ओळीपुढची जागा कोरी सोडायची.