इकाम्यावरचा संसार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सौदी अरेबियात इकाम्यावर, म्हणजे तिथल्या निवास-परवान्यावर, केलेल्या आमच्या संसाराविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. ज्या देशात देऊळ बांधता येत नाही आणि जिथे परवापरवापर्यंत बाईने गाडी चालवणे निषिद्ध होते, तिथे रियालसाठी मुली वाढवायच्या आणि वर तिथल्या सुरक्षिततेचे गोडवे गायचे, हा ढोंगीपणा आहे, असा आपला आक्षेप आहे. तो कडक असला तरी प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांसाठी गेलो, हे खरेच आहे. पगारावर प्राप्तिकर नसलेल्या देशात माणूस मिळकतीसाठीच जातो आणि त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही.

बाईच्या गाडी चालवण्याबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. २४ जून २०१८ पूर्वीची एक रात्र माझ्या मनातून जात नाही. यजमान जुबैलच्या कारखान्यात रात्रपाळीला होते, धाकटी तापाने फणफणली होती, गाडी इमारतीखाली उभी होती, किल्ली खुंटीला होती, भारतात मिळवलेला परवाना माझ्या कपाटात होता आणि तरीही पोरीला खांद्यावर टाकून मी शेजारच्या घराची बेल वाजवत होते. ‘त्यांची संस्कृती आहे’ असे म्हणून मी ही गोष्ट कधीच खपवून घेतली नाही. मोठीने कारण विचारले तेव्हा हा कायदा अन्यायाचा आहे, हेच उत्तर तिला घरात मिळाले. मुलींना काय शिकवले, असे आपण विचारले आहे. त्याचे माझे उत्तर हे आहे.

आता देवाधर्माविषयी. इस्लामखेरीज अन्य धर्माची सार्वजनिक उपासना तिथे चालत नाही, पण घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत आमच्याकडे कधी कोणी आले नाही. मुलींनी मातीचा गणपती घडवायचा, खिडक्या लावून हलक्या आवाजात आरती म्हणायची, बादलीत विसर्जन करायचे, असा आमचा दीड दिवस असे. आपण याला भित्रेपणा म्हटले आहे. मला ती त्या घरापुरती शक्य असलेली भक्ती वाटते, आणि टाळ वाजवता आले नाहीत याचे दुःखही आहेच. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खोबरहून २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे हा समुद्रावरचा पूल ओलांडला की बहरीन लागते आणि त्याच्या राजधानीत, मनामात, श्रीनाथजींचे जुने मंदिर आहे. तिथे मुलींनी पहिल्यांदा मोकळेपणाने घंटा वाजवली, तेव्हा त्या थांबेचनात.

परंतु या पुलावरून जायचे तरी पासपोर्टवर एक्झिट री-एंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, हवी, आणि ती मार्च २०२१ पर्यंत मालकाच्या संमतीवर अवलंबून असे. माझ्या लेखाचा खरा विषय हा होता आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. बायकांचा पायघोळ झगा, म्हणजे अबाया, आणि नमाजाच्या वेळी खाली येणारी दुकानांची शटर्स बाहेरच्याला चटकन दिसतात. त्यांतले बरेच आता सैल झाले आहे : धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार २०१६ मध्ये गेला, उपाहारगृहांतल्या कुटुंबांसाठीच्या वेगळ्या दाराची सक्ती २०१९ मध्ये संपली. इकामा मात्र आहे तसाच आहे. बायकोचा आणि मुलांचा इकामा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर शाळेचे वर्ष अर्धे झालेले असो वा परीक्षा तोंडावर असो, सगळ्यांनाच निघावे लागते. तिथेच जन्मलेले मूलही याला अपवाद नाही.

जुलै २०१७ पासून अवलंबितांवर माणशी दरमहा १०० रियालचा आकार बसला आणि तो दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेला. बायको आणि दोन मुले असतील, तर वर्षाचे १४,४०० रियाल, आणि तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. आमच्या इमारतीतली बेताच्या पगाराची कुटुंबे या आकड्यामुळेच पांगली. बायकामुले फायनल एक्झिटवर, म्हणजे इकामा संपवून कायमची, गावी गेली आणि पुरुष एका खोलीत चौघे, असे राहू लागले. मजुरांना तर कुटुंब आणण्याची मुभाच कधी नव्हती. संसार कोणी करायचा, हे तिथे धर्माच्या नियमांपेक्षा पगाराच्या पावतीवर अधिक ठरते, असे माझे ठाम मत आहे.

सुरक्षिततेविषयीचा परिच्छेद मी काढावा, अशी आपली सूचना आहे. तो मी काढणार नाही, कारण रात्री समुद्रकाठी मुलींना घेऊन निर्धास्त फिरता येत असे, हे माझ्यापुरते खरे आहे. मात्र त्याच शहरात परक्याच्या घरी राबणाऱ्या मोलकरणींना २०२१ च्या कामगार सुधारणांतूनही वगळले गेले होते. हे वाक्य मी त्या परिच्छेदाला आज जोडले आहे, आणि आपली प्रतिक्रिया लेखाखाली अक्षरशः तशीच ठेवली आहे.