ऑस्तियाचा चौक: कचेऱ्या की पाट्या?

प्राचीन रोमचे बंदर असलेल्या ऑस्तियातील नाट्यगृहामागच्या चौकाला सरसकट 'व्यापारी कचेऱ्यांचे संकुल' म्हटले जाते. मला हे वर्णन अपुरे वाटते.

नाट्यगृह मूळचे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातले, त्याचा जावई अग्रिप्पा याने बांधवलेले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते वाढवले गेले आणि त्यात सुमारे ४००० प्रेक्षक मावू लागले. रंगमंचामागे अंगण, मधोमध देऊळ आणि भोवती आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानात असतात तशा ओवऱ्या आहेत. नाटक चालू असताना पाऊस आला तर प्रेक्षकांना आसरा मिळावा म्हणून रंगमंचामागे अशा ओवऱ्या बांधाव्यात, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथात सांगितले आहे. म्हणजे ही जागा मुळात प्रेक्षकांची होती.

त्या ओवऱ्यांतल्या साठेक छोट्या खोल्यांसमोर काळ्या-पांढऱ्या मोझेकची फरशी आहे आणि तिच्यावर नावे आहेत: कार्थेजचे जहाजमालक, सार्डिनियातील कारालिसचे जहाजमालक व व्यापारी, गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) नार्बोचे नाविक, दोरखंड वळणारे, कातडी कमावणारे. कारालिसवाल्यांच्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना धान्याची मापे आहेत. उत्तर आफ्रिकेतील साब्राथाच्या लोकांनी तर हत्तीच काढून घेतला आहे. आता, या चिंचोळ्या खोल्यांत सौदे होत असतीलही, पण करार, हिशेब किंवा साठवण यांचा त्या फरशीवर मागमूस नाही. दिसतात ती नावे आणि बोधचिन्हे, तीही येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली, सहज वाचता येतील अशी.

नावे अशी मिरवण्याचे कारण मला रोमच्या धान्यपुरवठ्यात दिसते. राजधानीचे पोट आफ्रिका, इजिप्त आणि सार्डिनियाच्या गव्हावर चालत होते, आणि तो आणणाऱ्या जहाजमालकांना सम्राट क्लॉडियसने वादळात होणारे नुकसान सरकारी तिजोरीतून भरून देण्याची हमी व इतर सवलती दिल्या होत्या. ज्यांचा धंदा सरकारी मर्जीवर इतका अवलंबून होता, त्यांना गिऱ्हाइकापेक्षा प्रतिष्ठेची गरज अधिक असणार. आणि नाट्यगृहाइतकी नगरातील मानकरी व अधिकारी एकत्र आणणारी जागा दुसरी कोणती? म्हणूनच नाट्यगृह आणि चौक यांचा विचार वेगवेगळा करू नये. प्रेक्षागृहाच्या बऱ्याचशा पायऱ्या विसाव्या शतकात नव्याने रचलेल्या आहेत, तरी पर्यटक छायाचित्रे काढतात ती त्यांचीच, आणि मागच्या फरशीवरून घाईने निघून जातात.